उंबऱ्यावर थांबलेले पाय

“मग खरा जिंकला कोण, वस्ताद? तुम्हीच सांगा.”

सन्मती चौगुलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्तादांनी तिसऱ्यांदा चाक फिरवलं.

चाक माझ्या सायकलीचं होतं. मी पाथरवाडीत टपाल वाटतो. मागचं चाक वाकडं फिरत होतं, तो आऊट काढून घ्यायला मी वेशीजवळच्या त्यांच्या दुकानात बसलो होतो. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं, म्हणून सगळं ऐकायला मिळालं.

वस्तादांचं वय चौऱ्याहत्तर. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन होऊनही फार उजेड पडलेला नाही. समोरचं माणूस दिसतं, पायाखालचा दगड दिसत नाही. पण आऊट काढायला त्यांना डोळे लागत नाहीत. फिरत्या रिमेजवळ खडू धरतात. जिथं खडू लागेल तिथं चाक वाकडं.

सन्मती हा त्यांचा सगळ्यात मोठा शिष्य. आमच्या गावच्या फरसबंदीवर सायकल शिकला आणि थेट बेल्जियमला जाऊन व्यावसायिक शर्यती खेळला. तिकडं दगडी रस्त्यावरून जाणाऱ्या एक-एक दिवसाच्या शर्यती असतात. सकाळी निघायचं, दोनशे-अडीचशे किलोमीटर मारायचे, संध्याकाळी निकाल. दुसरा दिवस नाही. चूक सुधारायला उद्या मिळत नाही.

तशा एका शर्यतीत तो दुसरा आला होता. अर्ध्या चाकानं.

“तुम्ही व्हिडिओ तर बघा.” त्यानं मोबाईल पुढं केला.

“मला काय दिसतंय त्यात? तू सांग.”

सन्मती सांगू लागला. सांगताना त्याचा आवाज बदलला. चिडलेला होता, तरी त्या रस्त्याचं नाव निघालं की तो देवळात आल्यासारखा बोलायचा.

“दगड कसले म्हणता... नारळ उलटे मांडल्यासारखे. त्यात आदल्या रात्रीचा चिखल. हँडल धरायचं न्हाई, नुसतं हातात ऱ्हाऊ द्यायचं. धरलं की पडला. संध्याकाळी शर्टाचं बटण निघत न्हाई बोटांनी. दीडशे जण निघालो, पोचलो साठ.”

“आणि शेवटी?”

“शेवटच्या चाळीस किलोमीटरला दोघंच पुढं. मी आणि योस. तिथलाच हाय. आठ दगडी टप्पे बाकी होते. समोरनं वारा. मी म्हणलं, थोडं तू ओढ, थोडं मी ओढतो. त्यानं मान हलवली. त्याच्या टीमचा एक जण मागच्या घोळक्यात होता. आम्ही सापडलो तरी त्याच्या टीमचं काय बिघडत नव्हतं. म्हणून हा माझ्या मागं बसला... चाळीस किलोमीटर.”

“तू थांबायचं होतंस.”

“थांबलो असतो तर घोळका आला असता. मला जिंकायचं होतं, वस्ताद. मी ओढली.”

वस्तादांनी एक स्पोक आवळला.

“वारा मी कापला. दगड मी बघितले. खड्डा मी चुकवला. त्यानं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. शेवटचा टप्पा संपला, डांबर लागलं, आणि माझ्या बगलेतनं निघून गेला. दोन सायकलींचं अंतर. मी सगळा जीव लावला. रेषेवर अर्धं चाक कमी पडलं.”

तो थांबला. मोबाईल खिशात टाकला.

“हा जिंकायच्या लायकीचा हाय का? तेवढं सांगा.”

वस्तादांनी पुन्हा चाक फिरवून खडू धरला.

सन्मतीच्या प्रश्नामागं दुसरी गोष्ट होती, ती त्यानं आता काढली. त्याची टीम या मोसमात बंद झाली होती. एकाच टीमनं त्याला बोलावलं होतं. योसच्या. योसनं स्वतःच त्याचं नाव सुचवलं होतं. उत्तर आज पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं. दुकानातल्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

“त्याला माझी पाठ पाहिजे,” सन्मती म्हणाला. “गेलो तर जन्मभर त्याच्यासाठी वारा कापायचा. न्हाई गेलो तर सायकल भिंतीला. मेव्हणा म्हणतोय, शाळेत पीटीची जागा हाय. जाईन. पण चोराच्या पुढं चालवणार न्हाई. तुम्ही एकदा म्हणा, सन्मती, जिंकलास तू. मला तेवढं बास हाय.”

एवढा मोठा गडी, पण हे वाक्य त्यानं जमिनीकडं बघत म्हटलं. मला त्याची दया आली. मी असतो तर म्हणून टाकलं असतं. आपलं काय जातंय?

वस्तादांनी खडू खिशात टाकला आणि उठले.

“माझी बावीस इंची सायकल काढ बाहेर.”

“कशाला?”

“खाणीपर्यंत जाऊ. येताना तू पुढं, मी मागं.”

“वस्ताद, फरसबंदी हाय. तुम्हाला दगड दिसत न्हाईत.”

“तू हाईस की पुढं.”

मग माझ्याकडं वळून म्हणाले, “पोस्टमन, तुम्ही हितंच वेशीत उभं ऱ्हावा. पहिला कोण आला ते तुम्ही सांगायचं.”

आमच्या फरसबंदीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. खाणीपासून वेशीपर्यंत अर्धा मैल काळा दगड, संस्थानी काळात बसवलेला. वेशीच्या अलीकडे वीस पावलांवर दगड संपतो आणि डांबर लागतं. तिथं उभ्या दगडांची एक ओळ आहे, बोटभर वर आलेली. तिला गाव उंबरा म्हणतं.

वस्ताद पूर्वी तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. त्या उंबऱ्यावर पोरं दणकन सायकल घालायची आणि रिमा वाकायच्या. म्हणून त्यांनी नियम केला. उंबरा आला की सीटवरून उठायचं, दोन पायडलं गाळायची, चाक हलकेच खाली उतरू द्यायचं. जो ऐकणार नाही त्याला सायकल नाही. सगळं गाव त्यांच्या भाड्याच्या सायकलींवर शिकलं. त्यामुळं आजही दूधवाला असो की सरपंच, उंबऱ्यावर पाथरवाडीचे पाय थांबतात. माझेही थांबतात. हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

दोघं गेले. मी वेशीत जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं खाणीच्या बाजूनं दोन ठिपके दिसले. जवळ आले. सन्मती पुढं, आपली लाखमोलाची हलकी सायकल हळू चालवत. दोनदा त्यानं मागं वळून पाहिलं. म्हातारा पडेल ही धास्ती त्याच्या तोंडावर लांबूनही दिसत होती.

वस्ताद त्याच्या मागं होते. वीतभर अंतरावर.

फरसबंदीतले दगड पाच-सहा ठिकाणी निघालेत. पहिल्या खड्ड्याला सन्मती डावीकडं सरकला. त्याच क्षणी वस्तादही सरकले. नंतर नाही, त्याच क्षणी. दुसऱ्याला तो उजवीकडं गेला, हेही उजवीकडं. तिसऱ्याला सन्मतीनं जरा वेग धरला, तरी मधलं अंतर वीतभरच राहिलं. ज्या माणसाला ताटातलं मीठ चाचपून बघावं लागतं, तो त्या दगडांवरून जात होता, आणि त्याची मान एकदाही खाली झुकली नाही. तो फक्त पुढच्या माणसाकडं बघत होता. इतकं एकटक मी कुणाला कुणाकडं बघताना पाहिलेलं नाही.

मी टोपी काढली, का ते मला आजही सांगता येणार नाही.

उंबरा आला.

सन्मती सीटवरून उठला. त्याचे पाय थांबले.

वस्तादांचे थांबले नाहीत.

ती काळी जड सायकल उंबऱ्यावर आदळली, रिम खणकन वाजली, आणि म्हातारा सन्मतीच्या बगलेतून पुढं निघाला. सन्मतीला कळून त्यानं पायडल मारेपर्यंत वस्तादांचं पुढचं चाक वेशीत होतं. माझ्या पायाला लागता लागता राहिलं.

“कोण?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“तुम्ही,” मी म्हणालो. “अर्ध्या चाकानं.”

सन्मती आधी हसला. मनापासून हसला.

“वस्ताद, मी हळू चालवत होतो की... तुमच्यासाठी. जोर कुठं लावला होता मी?”

“मला कुठं कळतंय जोर लावला का न्हाई ते. मला फक्त तुझे पाय दिसत होते.”

हसू ओठावरच राहिलं.

सन्मतीनं वळून उंबऱ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडं. बराच वेळ.

“वस्ताद...”

“बोल.”

“तिथं बी टप्पा संपला की असाच दगडाचा काठ येतोय. डांबराच्या आधी.”

“आणि?”

“मी थांबत असणार. प्रत्येक टप्प्याला. दोन पायडलं...” त्यानं बोटांवर मोजलं. “सात वेळा त्याच्यासमोर थांबलो असणार. आठव्याला तो गेला.”

वेशीवरच्या पिंपळात साळुंक्या भांडत होत्या, त्याच काय त्या ऐकू येत होत्या.

वस्तादांनी आपली सायकल भिंतीला टेकवली. रिमेवरून बोट फिरवलं. रिम वाकली होती. चाळीस वर्षं त्यांनी जी गोष्ट कुणालाही करू दिली नव्हती, ती स्वतः करून बसले होते. मला वाटलं, हळहळतील. ते वाकलेल्या जागी नुसतं बोट ठेवून उभे राहिले.

“ही खोड तुझी न्हाई,” ते म्हणाले. “माझी हाय. भाड्याच्या सायकलींसाठी लावलेली. ती तू इमानानं तिकडं घेऊन गेलास.”

“असं नका म्हणू.”

“अकरा वर्षं तुला शिकवलं मी. अकरा वर्षं तुझ्या पुढं सायकल चालवली. म्हणलं, मी वस्ताद, मी पुढं, पोरगं मागं... मागं बसून तुला बघायचं मला कधी सुचलंच न्हाई.”

सन्मतीनं खाली वाकून त्यांचे पाय धरायचा प्रयत्न केला. त्यांनी धरू दिले नाहीत. दंडाला धरून उभं केलं.

“आज सुचलं ते बी त्या योसमुळं. तुझ्या तोंडून ऐकलं, तो बगलेतनं गेला, डांबर लागलं तिथंच गेला. म्हणलं, हितंच का? आधी का न्हाई, नंतर का न्हाई?”

सन्मतीचे डोळे भरले होते. पण मघाचा राग त्यात राहिला नव्हता. लहानपणी पहिल्यांदा खाणीत डोकावल्यावर पोरांच्या डोळ्यांत असतं तसं काहीतरी होतं.

“चाळीस किलोमीटर,” तो पुटपुटला. “माझ्या मागनं त्याला समोरचा दगड दिसत न्हाई, खड्डा दिसत न्हाई. मी पडलो असतो तर तो माझ्यावरच पडला असता. सगळा जीव माझ्या चाकावर ठेवून बसला होता... आणि मी म्हणत होतो, फुकट बसलाय.”

वस्ताद वाकलेली रिम चाचपत होते.

“मला वाटलं त्याला माझी पाठ पाहिजे.”

“त्यानं ती बघितली हाय,” वस्ताद म्हणाले.

माझ्या घड्याळात पाचला दहा कमी होते. सन्मतीनं मोबाईल काढला. पहिल्यांदा नंबर लागेना. दुसऱ्यांदा लावला. तिकडं घंटी वाजू लागली. त्यानं फोन कानापासून जरा लांब धरला आणि लहान पोरासारखं वस्तादांकडं पाहिलं.

“योस स्वतःच उचलणार. काय सांगू, वस्ताद?”

वस्तादांनी वाकलेलं चाक सायकलीतून सोडवलं, मांडीवर घेतलं, खिशातला खडू काढला.

“विचार त्याला...” ते म्हणाले, “मागं बसून बघायला मला बी शिकायचं हाय. जागा एकच हाय, का दोन?”