दुसऱ्या मॉडेलची बॅटरी

फोनची बटणं जाऊन नुकती काच आली होती, त्या काळची ही गोष्ट. अनसूया नावाडिणीच्या फोनची बॅटरी फुगली. बाजारातल्या कारागिराने ती काढली आणि दुसऱ्याच मॉडेलची, जराशी आखूड बॅटरी नीट जुळवून आत बसवली.

ती आत येताच स्क्रीनने नाक मुरडलं. "तू आमच्यातली नाहीस. राहायचं असेल तर आमच्या रीतीनं राहा. अंगात चार्ज कितीही असो, बाईंना शंभरच सांगायचं."

"चाळीस असले तरी?"

"जुनी बॅटरी सांगायची. केवढी शान होती आमची!"

"त्या शानेपायीच फुगली बिचारी," बॅटरी म्हणाली. "मी परकी आहे, आखूड आहे, पण खोटं बोलणार नाही. हवं तर काढून टाका मला."

स्क्रीन फणफणली, पण बॅटरी हटली नाही. दुपारी अनसूयाबाई होडी लोटणार, इतक्यात फोनवर लाल रंगात चारचा आकडा दिसला. उतारू घाई करत होते, तरी बाईंनी आधी काठावरच्या टपरीत फोन चार्जिंगला लावला. तो लावताच धरणावरच्या चौकीदाराचा फोन आला, "बाई, पाणी सोडलंय! होडी घालू नका!"

बघता बघता नदी दुथडी भरून वाहू लागली. उतारू काठावर सुखरूप होते.

स्क्रीन नरमली. "आजचं ठीक झालं. पण उद्या पाहुणे येणार आहेत. त्यांच्यापुढे तरी शंभर सांग."

"चार असतील," बॅटरी म्हणाली, "तर चारच सांगेन."