शेळीचा धोंडा आणि दोरवळ्या

फार मागची गोष्ट आहे. किती मागची? तुमच्या पणज्याचा पणजा रांगत होता, त्याच्याही आधीची. त्या काळी एका राज्यात लोकांना बुक्क्यांच्या लढतींचं भारी वेड होतं.

चार खुंट ठोकायचे, भोवती दोर ताणायचा आणि आत दोन गडी सोडायचे. मुठींना सुती पट्ट्या गुंडाळायच्या. बुडाला भोक पाडलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती बुडाली की एक फेरी संपली. अशा आठ फेऱ्या. लाथ मारायची नाही, चावायचं नाही, पडलेल्याला हात लावायचा नाही. दोराच्या आत एवढे तीनच नियम. तेही माणसांना पाळवत नाहीत, म्हणून मधे एक पंच उभा.

चौथा नियम मात्र राजाला विचारूनही वाकत नसे. लढतीच्या सकाळी प्रत्येक गड्याला मोठ्या तराजूत बसवायचे. दुसऱ्या पारड्यात धोंडा असे. धोंडे तीन होते. सगळ्यांत हलका तो शेळीचा धोंडा, मधला वासराचा आणि मोठा बैलाचा. खरी शेळी काही एवढी जड नसते, पण नाव ठेवणाऱ्यानं ठेवलं. गडी धोंड्यापेक्षा हलका भरला तर चालायचं. केसभर जरी जड भरला तरी बाद. प्रत्येक धोंड्याचा विजेता वेगळा आणि त्याच्या कमरेचा पट्टाही वेगळा.

त्या राज्यात दोरखंड वळणारा एक तरुण होता. लोक त्याला दोरवळ्याच म्हणत. दोर वळणारा माणूस दिवसभर पीळ देत देत मागे चालत जातो. मागे न बघता मागे चालायची याला लहानपणापासून सवय. त्यामुळे लढतीत समोरच्याची बुक्की यायची आणि हा तिथे नसायचाच. तो बिचारा वाऱ्याला मारून दमला, की दोरवळ्या एक पाऊल पुढे यायचा. एकच. तेवढं पुरायचं.

आधी तो जत्रांमधून हौसेनं लढला. जिंकला की नारळ आणि फेटा. सतरा जत्रांमध्ये सतरा फेटे मिळाले. बायको म्हणाली, "अहो, डोकं एकच आहे ना तुम्हाला?"

एका नावाड्याला तर त्यानं चार जत्रांमध्ये चार वेळा लोळवलं. नावाडी मनाचा मोकळा. उठायचा, तोंड धुवायचा आणि म्हणायचा, "बाबा, तुला मारायला तुझ्या पाठीमागंच उभं राहायला पाहिजे."

मग दोरवळ्या राजधानीत गेला. तिथल्या लढती हौसेच्या नव्हत्या, पोटापाण्याच्या होत्या. चपट्या नाकाचा एक म्हातारा वस्ताद त्याला मिळाला. वस्तादानं त्याला घडवलं. पहिल्या वर्षी दक्षिण दरवाजाचा पट्टा मिळाला, दुसऱ्या वर्षी नगराचा. तिसऱ्या वर्षी खुद्द राजानं त्याच्या कमरेला शेळीच्या धोंड्याचा राजपट्टा बांधला. रुंद कातडं आणि मधे चांदीचा सूर्य. दोरवळ्या आजवर एकदाही हरला नव्हता. लोक त्याला बघायला झाडावर चढत.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणूस विशीचा पंचविशीचा होतो. खांदे भरतात, मांड्या भरतात, हाडं जड होतात. यात कुणाचा गुन्हा नाही. राजपट्ट्याच्या दुसऱ्या वर्षी दोरवळ्या तराजूत बसला, तेव्हा त्याचं पारडं धोंड्याच्या बरोबरीला येऊन थांबलं. आधी तो चांगला हातभर वर असायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा मात्र काट्याकडेच बघत राहिला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नाही.

पुढच्या लढतीआधी त्यानं भाकरी अर्धी केली. त्याच्या पुढच्या वेळी बंद केली. भर उन्हात दोन दोन घोंगड्या पांघरून तो धावायचा. चिंचोके चघळून थुंकत राहायचा, म्हणजे अंगातलं तेवढं पाणी कमी. रोज सकाळी भुसाराच्या दुकानात जाऊन स्वतःला जोखून घ्यायचा. भुसारी म्हणायचा, "पैलवान, मागं ज्वारीची गिऱ्हाइकं उभी आहेत."

मग त्याला प्रत्येक गोष्टीचं वजन दिसायला लागलं. तांब्याभर पाणी म्हणजे किती? ओला पंचा म्हणजे किती? कुणी गळ्यात हार घातला की हा आधी तो हातावर तोलून बघायचा. स्वप्नातसुद्धा त्याचं पारडं खाली खालीच जायचं आणि लोक वरून वाकून बघायचे.

बायको ताट घेऊन उभी राहायची. "अहो, एक घास."

"नको."

"त्या धोंड्याशीच लग्न लावायचं होतं. तोही जेवत नाही, तुम्हीही जेवत नाही. छान जमलं असतं."

तो हसायचा नाही. हसायलाही अंगात काही लागतं.

शेवटी एक दिवस वस्तादानं त्याला समोर बसवलं.

"पोरा, वासराच्या धोंड्यावर जा."

"आणि पट्टा?"

"ठेवून दे खाली. दुसरा कुणी घेईल."

"माझा पट्टा आहे तो!"

"तुझा नाही. त्या वजनाचा आहे. तुझं ते वजन होतं तोवर तुझा होता. तुझं अंग केव्हाच वर गेलंय, तूच खाली अडकून बसलायस."

दोरवळ्या हळूच म्हणाला, "वासराच्या धोंड्यावर हरलो तर?"

"हरशील. वर्षभर तरी मार खाशील. तिथले हात जड असतात. मग शिकशील. हरायला काय होतंय? माझं नाक बघ."

"लोक काय म्हणतील?"

"दोन दिवस म्हणतील. लोकांना काय, तिसऱ्या दिवशी दुसरं काम निघतं."

"नावाडी गेला ना वर. काय झालं त्याचं?"

हे खरं होतं. तो जत्रेतला नावाडी वर्षापूर्वी स्वतःहून वासराच्या धोंड्यावर गेला होता आणि लागोपाठ तीनदा हरला होता. लोक म्हणत, नावाड्याला वासरांनी तुडवला. ते ऐकून दोरवळ्याला बरं वाटलं होतं. बरं वाटल्याची लाजही वाटली होती. पण बरं जास्त वाटलं होतं.

"तीनदा हरला," वस्ताद म्हणाला, "आणि तीनदा पोटभर जेवला. चौथ्या वेळी बघ."

दोरवळ्या उठून गेला. वस्तादाला वाटलं, हा रागावला. तो रागावला नव्हता. घाबरला होता. शेळीच्या धोंड्यावर आपण कोण आहोत हे त्याला माहीत होतं. वासराच्या धोंड्यावर आपण कोण असू, हे माहीत नव्हतं; आणि ते कळण्यापेक्षा उपाशी राहणं त्याला सोपं वाटत होतं. तुम्ही हसाल. हसा. पण हसण्याआधी तुमचा स्वतःचा धोंडा कोणता ते जरा आठवा.

राजपट्टा राखायची पाचवी लढत ठरली. समोर माळावरचा एक मेंढपाळ गडी. वाळक्या काटकीसारखा, पण चिवट. दोरवळ्यानं चार दिवस अन्न सोडलं आणि शेवटचे दोन दिवस पाणीही सोडलं.

लढतीची सकाळ उजाडली. आधी मेंढपाळ तराजूत बसला. त्याचं पारडं वर गेलं ते वरच. तो पारड्यात बसल्या बसल्या केळं खात होता. तोलदार ओरडला, "अरे, निदान सालीसकट खाऊ नको!" लोक हसले.

मग दोरवळ्या बसला. पारडं खाली आलं, थोडं वर गेलं, पुन्हा खाली आलं आणि तिथेच राहिलं. तोलदारानं काट्याला डोळा लावला.

"मूठभर पोह्यांइतका जास्त आहेस. दुपारपर्यंत वेळ आहे. नाहीतर पट्टा इथं ठेव."

दोरवळ्यानं डोक्याचे केस उतरवले. नखं काढली. घोंगड्या पांघरून तो देवळाच्या तापलेल्या फरशीवर गोल गोल धावत राहिला. बायको खांबाला धरून उभी होती. तिला रडू येत होतं, पण लढतीच्या दिवशी बायकोनं रडू नये म्हणतात, म्हणून ती बिचारी पदर चावत राहिली. दुपारी तो पुन्हा बसला. पारडं थरथरलं आणि बरोबरीला आलं.

लोकांनी जयजयकार केला. वस्ताद तेवढा जवळ आला. त्यानं दोरवळ्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि स्वतःचा तळवा बघितला. तळवा कोरडा होता.

"घाम येत नाही तुला."

"बरंय की. वजन राहतं."

"लेका, उन्हात धावलेल्या माणसाला घाम येत नाही म्हणजे आत काही उरलं नाही. लढू नको. पट्टा देऊन टाक. आत्ता."

"आत्ताच तर वाचवला," दोरवळ्या म्हणाला.

वस्तादानं त्याला पाणी पाजलं. तापलेल्या तव्यावर शिंपडावं तसं ते गेलं. कुठे लागलं, कळलंच नाही.

पहिली फेरी झाली. दोरवळ्या मागे चालत राहिला. मेंढपाळाची एकही बुक्की लागली नाही. लोक खूश. दुसरी वाटी पाण्यावर ठेवली. दोरवळ्याला ती एकदा एक दिसायची, एकदा तीन. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो मागे चालत होता, पण पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे, सांगितलेलं उशिरा ऐकत होते.

बायको वस्तादाला म्हणाली, "थांबवा हो!"

वस्तादानं पंचाला हाक मारली. पण झाडावरच्या लोकांचा गलका एवढा, की त्यात त्याची हाक बुडाली.

तिसऱ्या फेरीत दोरवळ्याची पाठ दोराला लागली. मागे जायला जागा उरली नाही. मेंढपाळानं बरगडीवर एक बुक्की दिली. तशी बुक्की दोरवळ्यानं सतरा जत्रांमध्ये सतराशे वेळा हसत खाल्ली असती. या वेळी तो गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला आणि उठला नाही.

मेंढपाळच घाबरला. पंचाचा हात धरून म्हणाला, "मी एवढ्या जोरात नाही हो मारली! देवाशपथ नाही!"

दोरवळ्या जगला. पण सोळा दिवस त्याला धड बोलता आलं नाही. उजव्या हाताला कंप राहिला. वैद्यानं सांगितलं, "अंग आतून सुकलंय. आता शेळीचा नाही, वासराचा नाही, कुठलाच धोंडा नाही. दोर वळता आला तरी नशीब समज."

पट्टा मेंढपाळाच्या कमरेला गेला. लोक दुसऱ्या झाडावर चढले.

विसाव्या दिवशी नावाडी भेटायला आला. खांदे दारात मावेनात एवढा भरलेला. त्याच आठवड्यात त्यानं वासराच्या धोंड्याचा राजपट्टा जिंकला होता, पण आजाऱ्याच्या घरी येताना तो बांधून आला नव्हता. बाजेजवळ बसला आणि म्हणाला, "एक सांगू? वस्तादांनी तुला वर जायला सांगितलंय, हे माझ्या कानावर आलं होतं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. कुणी म्हणालं नवा गडी आलाय, की मी आधी विचारायचो, दोरवळ्या तर नाही ना?"

दोरवळ्यानं उशीवरून मान उचलली. "तू? मला भीत होतास?"

"मी एकटा नाही. वरचे सगळेच. तू असला उपाशी, अर्धमेला लढून जिंकत होतास. पोटभर जेवून आला असतास, तर आमचं काय झालं असतं?"

"आणि मी तुम्हाला भीत होतो."

"असणार," नावाडी म्हणाला. "भीत तर मीही होतो. पण भीत भीत वर गेलो."

दोरवळ्यानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. बायकोनं नावाड्याला खुणेनं सांगितलं, आता जा. तो हळूच उठून गेला.

यातून घ्यायचं ते एवढंच: जिंकलेली जागा सुटेल या भीतीनं जो आपली वाढ मारतो, त्याची वाढही जाते आणि ती जागाही जाते.