ताम्रा घोडी आणि तेलाचे व्रत

फार पूर्वी तगर नावाच्या नगरात सुबाहू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव सुनेत्र. मापात ते कधी आखूड नव्हते आणि बोलण्यात कधी लांब नव्हते, म्हणून गिऱ्हाईक आपणहून त्यांच्या दुकानाची पायरी चढे. त्यांची पत्नी सोमिला मोठी श्रद्धाळू. तिच्या देवघरातला दिवा कधी विझला नाही आणि तिच्या दारातून कोणी उपाशी परतला नाही.

सोमिलेला एकच भाऊ, देवमित्र. तो शूर्पारक बंदरातून जहाजाने परदेशी गेला होता. बरोबर निघालेली जहाजे परत आली, त्याचे आले नाही. सोमिलेच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा सुनेत्रांना ज्यांनी लहानाचे मोठे केले, त्या त्यांच्या आत्याबाईंनी तिला आदित्याचे व्रत सांगितले. व्रताचे वचन एवढेच होते: 'सूर्याच्या अश्वाला रोज स्नेह द्यावा, दूर गेलेला माणूस घरी येतो.'

आत्याबाई म्हणाल्या, "स्नेह म्हणजे तेल गं सूनबाई. तिळाचं घ्यायचं, हळद घालून कोमट करायचं आणि सूर्य उगवताना घोड्याच्या अंगाला चोपडायचं. एक दिवस जरी चुकला, तरी व्रत मोडलं. माझ्या सासूबाईंनी असंच केलं होतं."

"आणि माणूस आला होता?"

"आला ना. तेलाच्या वासानं आला असेल. मामंजी खाण्याचे भारी शौकीन."

सुनेत्रांनाही तांड्याबरोबर जायला घोडा हवाच होता. सिंधुदेशाकडून आलेल्या एका घोडेवाल्याकडून त्यांनी तांबूस रंगाची घोडी घेतली. उन्हात ती तापल्या तांब्यासारखी चमकत होती, म्हणून सोमिलेने तिचे नाव ताम्रा ठेवले. दारात तिच्यावरून पाणी आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला, खुरांना कुंकू लावले. सुनेत्रांनी घोडीच्या पाठीवरून हात फिरवला, तर तळवा तेलकट काळा झाला. घोडेवाल्याने तेलात काजळ कालवून तिला लावले होते. ते पुसल्यावर खाली बारीक खपल्या दिसल्या आणि मधूनमधून केस गेलेले दिसले.

"वाटेत पावसात भिजली असेल बिचारी," सुनेत्र म्हणाले. "ओल्या खोगिराखाली कातडी कुजली आहे. हिला काही दिवस स्वस्थ राहू द्या. नवं घर, नवे आवाज. बैलांपासून लांब बांधा. सवयीचा चारा एकदम बदलू नका."

एवढे सांगून ते विणकरांच्या गावी कापड आणायला गेले. इकडे घरच्यांनी सांगितल्याबरहुकूम सगळे केले. फक्त स्वस्थ राहू देणे जमले नाही. रोज सूर्य उगवला की सोमिला कोमट तेलाची वाटी घेऊन गोठ्याच्या मागच्या खोपीत जाई आणि ताम्राला मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोळी. हात चालत असताना तिच्या ओठांवर भावाचे नाव असे. तेलावर धूळ बसे, धुळीवर भुसा बसे, भुशावर पुन्हा दुसऱ्या दिवसाचे तेल. खपल्या पसरत गेल्या. घोडी भिंतीला अंग घासून रक्त काढू लागली. सोमिलेला वाटे, आपली भक्ती कमी पडते आहे. ती तेल आणखी वाढवी.

सुनेत्र परतले तेव्हा शेजाऱ्यांनी राजाच्या पागेत वर्दी दिली होती. पागेचा प्रमुख वरुणदत्त दारात उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण राजाचे सगळे घोडे त्याच्या गळ्यात होते.

"शेठ, ही खरूज आहे की आणखी काही, मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण पागेत शिरली तर मी कुठे तोंड दाखवू? पौर्णिमेला मी पुन्हा येईन. तोवर अंग साफ झालं नसेल, तर हिला नदीपलीकडच्या रानात सोडावं लागेल."

नदीपलीकडच्या रानात वाघ होते. सोडायचे म्हणजे काय, ते सगळ्यांना कळले.

"तुमची भीती रास्त आहे," सुनेत्र म्हणाले. "मी आजच तिला वेशीबाहेर आमराईतल्या झोपडीत नेतो. तिचा खरारा, तिची झूल, पाण्याचं भांडं, काहीच दुसऱ्या जनावराला लागणार नाही."

वरुणदत्त गेल्यावर आत्याबाई जवळ आल्या. "आमराई कशाला? पूर्वेचा तांडा उद्या निघतोय. थोडं काजळ, थोडं तेल लावायचं आणि तांड्यातल्या कुणाला तरी विकून टाकायची. ज्यानं आपल्याला फसवलं त्याचीच विद्या. तुझे पैसेही वसूल आणि घोडीही वाचली."

"आत्या, मी कापड विकताना त्यातलं भोक आधी दाखवतो. मग घोडीच्या अंगावरची भोकं कशी झाकू?"

"मग तुझ्याच पोटाला भोक पडेल हो."

"ते आपलं आपल्याला शिवता येईल," सुनेत्र हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पूर्वेचा तांडा त्यांच्याशिवायच गेला. वर्षभराची मोठी कमाई त्या तांड्यातच व्हायची. सुनेत्रांनी त्याच्या धुळीकडे एकदा पाहिले आणि ते आमराईची वाट चालू लागले.

सूर्योदयाला सोमिला तिथेही आली. हातात वाटी होतीच. तेलावर धूळ आणि धुळीवर तेल बसून कातडी आणखी बिघडते आहे, हे सुनेत्रांच्या ध्यानात आले होते. 'तेल बंद कर' एवढे ते म्हणाले असते तरी तिने ऐकले असते; पण मग पुढे भावाच्या प्रत्येक आठवणीबरोबर तिला तो शब्द टोचत राहिला असता. म्हणून ते एवढेच म्हणाले, "आज तेल लावताना आपल्या हाताकडे पाहू नकोस. तिच्या कानांकडे पाहा."

सोमिला पुढे झाली. वाटीवर तिची बांगडी वाजली आणि ताम्राचे कान मागे झोपले. बोट अंगाला लागायच्या आधीच कातडी थरथरली. घोडी सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. सरकायला जागा उरली नाही तशी तिने डोळे मिटून घेतले. सोमिलेने हात मागे घेतला. मग सुनेत्र रिकाम्या हातांनी पुढे झाले आणि नुसते जवळ उभे राहिले. काही वेळाने घोडीने मान खाली घातली आणि त्यांच्या बाहीचा वास घेतला.

"अहो, ही मला भिते," सोमिला म्हणाली.

"तुला नाही. वाटीला भिते."

"पण वाटी मीच आणते ना."

सोमिला खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "मी थांबले आणि देवमित्राचं काही बरंवाईट झालं तर? आणि नाही थांबले, तर पौर्णिमेला या मुक्या जिवाचं... तुम्हीच सांगा, कोणाला सोडू?"

"व्रताचे शब्द काय आहेत, सोमिले?"

"सूर्याच्या अश्वाला रोज स्नेह..." ती म्हणू लागली, आणि तो शब्द तिच्या ओठांवरच थांबला.

लहानपणी देवमित्राला ताप आला की ती त्याच्या उशाशी बसून राही. त्याच्या कपाळावरून ती नुसता हात फिरवी. तेव्हा आई शेजारणींना म्हणायची, 'बहिणीचा स्नेह पाहा.' त्या स्नेहात तेलाचा एक थेंब नव्हता. सोमिलेने हा शब्द जन्मभर वापरला होता, आणि व्रत घेताना मात्र तिला तो स्वयंपाकघरातच सापडला होता.

"मी चुकत असेन तर?" तिने हळूच विचारले.

"तर दोघं मिळून चुकू," सुनेत्र म्हणाले.

सोमिलेने वाटी उचलली आणि तेल झोपडीतल्या दिव्यात ओतले. खरे सांगायचे तर देवाला ती वाटी पोचली असेल तर त्याच दिवशी पोचली.

मग दोघांनी मिळून घोडीची शुश्रूषा मांडली. रिठे भिजत घालून त्यांच्या कोमट पाण्याने जुने तेल हळूहळू उतरवले. खपल्या ओढल्या नाहीत. भिजून आपणहून सुटतील तेवढ्याच काढल्या आणि लांब नेऊन जाळल्या. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा थंड करून मऊ फडक्याने टिपला. पाणी अंगावर राहू दिले नाही. दुकानातले जुने सुती कापड काढून सोमिला तिला कोरडी करी, आणि ऊन चढायच्या आत सावलीत आणी. खालचे गवत रोज बदलले. माश्यांसाठी दाराशी निंबाची धुरी घातली. हे सारे झाले की ती काहीही न करता घोडीजवळ बसे. हे बसणे सगळ्यांत अवघड होते. घरकामाची सवय असलेल्या हातांना रिकामे राहणे म्हणजे शिक्षाच. पण सूर्योदय एकही चुकला नाही.

आधी घासणे थांबले. मग घोडी चारा पोटभर खाऊ लागली. एका सकाळी सोमिला आमराईत शिरली तर ताम्रा दाराशी येऊन उभी होती. उघड्या पडलेल्या कातडीवर तांबूस लव आली होती, नुकत्याच फुटलेल्या आंब्याच्या पालवीसारखी.

पौर्णिमेला वरुणदत्त आला. बरोबर दोर घेतलेली माणसे होती. त्याने घोडीच्या पाठीवर, बगलेत, शेपटीच्या मुळाशी बारकाईने पाहिले. "खपली दिसत नाही," तो म्हणाला, "पण केस अजून पुरते आले नाहीत. आत खाज उरली असेल तर? शेठ, माझी जबाबदारी मोठी आहे."

दोर धरलेली माणसे पुढे सरकली.

तेवढ्यात आत्याबाई धापा टाकीत आल्या. त्यांच्या हातात कोमट तेलाची वाटी होती; आमराईतले तेल कधीच थांबले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. "अगं सूनबाई, घोडी नेणारच असतील तर निदान आजचं व्रत तरी पुरं कर. इतक्या दिवसांचं पुण्य पाण्यात जाईल."

वाटी दिसताच ताम्रा मागे फिरली आणि सोमिलेच्या पाठीआड जाऊन उभी राहिली. एवढे मोठे जनावर, लपणार किती. पण डोके तेवढे तिने सोमिलेच्या खांद्यामागे दडवले.

वरुणदत्त थबकला. त्याने आत्याबाईंना वाटी लांब ठेवायला लावली. मग खराऱ्याने घोडीची मान, खांदा, पाठ जोर देऊन घासली. खाजणारे जनावर अशा वेळी अंग रेटते, ओठ वाकडे करते. ताम्रा शांत उभी राहिली. सोमिलेचा हात तिच्या मानेवर होता.

"खाज नाही," वरुणदत्त म्हणाला. त्याने माणसांना दोर गुंडाळायला सांगितले. मग तो म्हणाला, "आमच्या पागेतही सणावाराला तेल चोपडायची रीत आहे. घोडे का बिथरतात, हे आम्ही आजवर त्यांनाच विचारलं नाही."

आत्याबाई वाटीकडे आणि घोडीकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. "मग मी हिला काय देऊ गं?" त्यांनी विचारले. एरवी हुकूम सोडणारा तो आवाज आज विचारत होता.

"काही नका देऊ, आत्याबाई. नुसत्या जवळ या."

त्या बिचकत जवळ गेल्या. ताम्राने त्यांच्या पदराचा वास घेतला आणि आपली हनुवटी अलगद त्यांच्या खांद्यावर टेकवली. "भारी आहे हो मेली," आत्याबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

पुढे वारे फिरले तेव्हा देवमित्राचे जहाज आले. डोलकाठी मोडून ते एका बेटाशी अडकून पडले होते. त्याला आणायला सुनेत्र ताम्रावर बसूनच शूर्पारकाला गेले. भाऊ आला तो व्रताने की वाऱ्याने, असे कोणी विचारले तर सोमिला फक्त हसे. आदित्याला नमस्कार ती जन्मभर करीत राहिली, आणि घोडीजवळ बसणेही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली तेव्हा समोर मृदुला नावाची एक उपासिका बसली होती. व्रत म्हणून ती पिंजऱ्यातल्या मैनेला रोज दूधभात भरवी आणि मैना का रोडावते म्हणून रडे. कथा ऐकून ती उठली, घरी गेली आणि तिने पिंजऱ्याचे दार उघडले. तेव्हा शास्ते भिक्षूंना म्हणाले, "त्या जन्मी सोमिला होती ती आता उठून गेलेली ही मृदुला. आत्याबाई म्हणजे आज हिला सोबत घेऊन आलेली हिची सासू. पागेचा प्रमुख वरुणदत्त म्हणजे विहाराच्या दाराशी बसणारा आपला वृद्ध द्वारपाल. ताम्रा घोडी आज भिक्षुणीसंघात आहे, आणि अजूनही फार बोलत नाही. सुनेत्र व्यापारी तो मीच होतो." आणि त्यांनी त्या पुण्याचे नाव सांगितले: मैत्री, जी देण्याआधी घेणाऱ्याकडे पाहते.