सटवाजीने उतरवलेला बांध

फार जुन्या काळी डोंगराखालच्या एका गावात सटवाजी नावाचा पाथरवट राहत असे. ऐन तारुण्यात त्याने गावच्या नदीवर काळ्या दगडाचा बांध घातला होता, जहागीरदाराच्या केळीच्या बागेला पाणी मिळावं म्हणून. चुन्यात बसवलेले दगड असे चपखल, की सांध्यात सुईही शिरू नये. आसपासच्या गावांत त्याचं नाव झालं.

चाळीस वर्षं लोटली. जहागीरदार गेला, बाग वाळली, पाट बुजला. लोकांनी विहिरी खोदल्या. बांधामागे नुसता गाळ साठला. तरी सटवाजी रोज तिकडे चक्कर मारी आणि दगडांवरून हात फिरवून घरी येई.

एका आषाढात वरच्या गावची भागू भोईण त्याच्या दारात आली.

"सटवाजीदादा, जरा नदीवर चला. एक दाखवायचंय."

बांधाच्या पायथ्याशी दोघं उभी राहिली. फेसाळत्या पाण्यातून हातभर लांबीचा मासा उसळला, भिंतीवर आपटला आणि खाली पडला. मागोमाग दुसरा, मग तिसरा. सटवाजीच्याच गावचे लोक टोपल्या लावून ते आयते गोळा करत होते.

"हे चढणीचे मासे," भागू म्हणाली. "पोटात अंडी घेऊन वर निघालेत. आमच्या गावाशी पाणी उथळ आहे, तळाला बारीक गोटे आहेत. तिथंच त्यांची अंडी जगतात. मी लहान होते तेव्हा नदी माशांनी नुसती सळसळायची. आता आमची जाळी रिकामी येतात. खाली टोपल्या भरतायत खऱ्या, पण दरसाल कमी कमी."

"पाटलांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, बांध गावची शान आहे. सटवाजी हो म्हणाला तरच हात लावू."

एक मासा पुन्हा पुन्हा उडी घेत होता. त्याचं तोंड फुटलं होतं, तरी तो थांबत नव्हता. सटवाजीने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. पाटील म्हणाले, "सटवाजी, नीट विचार कर. तुझ्यामागे तुझं नाव सांगणारं दुसरं काय आहे?"

सटवाजी उठून उभा राहिला.

"पाटील, मी बांध घातला तो बागेसाठी. बाग राहिली नाही. आता तो फक्त माझ्या नावासाठी उभा आहे, आणि त्यापायी नदीची पोटुशी लेकरं डोकं आपटून मरतायत. बांध काढायचा. पण सुरुंग लावायचा नाही. एकदम फुटला तर सगळा गाळ लोटून आपलीच शेतं गाडली जातील. कुठला दगड आधी हलवायचा, ते मला ठाऊक आहे. मीच उतरवतो."

पाणी ओसरल्यावर काम सुरू झालं. दोन्ही गावांची माणसं आली. आधी गाळ उपसून खत म्हणून शेतांवर पसरला, मग वरच्या थरापासून एकेक दगड सुटू लागला. पहारी वाकल्या, हातांना फोड आले.

"दादा, एवढं घट्ट कशाला बांधलंत हो?" एकजण कुरकुरला.

"तेव्हा बांधायचं होतं म्हणून," सटवाजी हसून म्हणाला. "आता काढायचंय, तर तेही तसंच चोख काढू."

उन्हाळा सरता सरता तळाचा दगड निघाला आणि नदी मोकळी झाली.

पुढच्या आषाढात चढणीचे मासे आले. बांधाच्या जागी जरा घुटमळले, आणि सरळ वर निघून गेले. दोन्ही गावांनी त्या वर्षी जाळी आणि टोपल्या घरातच ठेवल्या.

पाऊस उघडल्यावर सटवाजी काठी टेकत वरच्या गावी गेला. भागूने त्याला उथळ पाण्यात उभं केलं. त्याच्या पायांभोवती काडीएवढी पिल्लं झुंडीनं फिरत होती. बघता बघता काठावर सगळं गाव जमलं.

भागू मोठ्यानं म्हणाली, "नीट बघून घ्या रे पोरांनो! आपली नदी मोकळी करणारा पाथरवट तो हाच!"

सटवाजीला आयुष्यात पुष्कळ मान मिळाला होता, पण अशी ओळख कुणी करून दिली नव्हती. म्हाताऱ्याची छाती फुगली. पिल्लांवर पाय पडू नये म्हणून तो तसाच, ताठ मानेनं, पाण्यात उभा राहिला.

तात्पर्य: आपण उभारलेलं काम कुणाची वाट अडवू लागलं, तर ते आपल्याच हातांनी उतरवणं हेही उभारण्याइतकंच अभिमानाचं काम आहे.