एका घराची झावळी

एकदा एक तरुण धर्मशिक्षक उपवासकाळ सुरू होण्याच्या आठ दिवस आधीच उपाशी राहू लागला. इग्नास त्याचं नाव. समुद्राकाठच्या एका वाडीतल्या लहानशा चर्चमध्ये तो वृद्ध फादरांच्या हाताखाली शिकत होता. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दुपारी तो त्यांना म्हणाला, "फादर, यंदा चाळीस दिवस मी नुसत्या पाण्यावर राहीन. परवानगी द्या."

फादरांनी त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "आधी झावळ्या गोळा करून आण," एवढंच ते म्हणाले.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या पातींचा क्रूस विणून प्रत्येक घर तो वर्षभर तसबिरीमागे खोचून ठेवतं. पुढच्या वर्षी ते वाळलेले क्रूस परत आणून जाळायचे आणि त्यांचीच राख बुधवारी सर्वांच्या कपाळाला लावायची, अशी तिथली रीत.

ऊन कलताना इग्नास टोपली भरून परतला. फादरांनी एकेक क्रूस मातीच्या हंडीत ठेवला. शेवटचा ठेवून झाल्यावर विचारलं, "बस्त्याव मेस्त्रींचा कुठे आहे? त्यांच्या क्रूसाला मध्ये बांबूची खुंटी असते."

"एवढ्यांची राख पुष्कळ होईल, फादर."

फादरांनी काड्यापेटी त्याच्या हातात दिली. "तो क्रूस आला की पेटव," म्हणाले आणि जपमाळ घेऊन पायरीवर बसले.

इग्नास हंडीपाशी बसला. सकाळी सहाला मिस्साची प्रार्थना, माणसं रांगेत उभी राहणार, आणि राखच नाही! आणि फादर तर दुसऱ्या कुणाला पाठवायलाही तयार दिसेनात.

त्या एका घराला तो का वगळत होता, हे त्यालाच ठाऊक होतं. गेल्या ईस्टरनंतर चर्चची चांदीची धूपदाणी दिसेनाशी झाली. "धूपदाणीच्या कपाटाशी तर मेस्त्रीच काम करत होते," असं इग्नास चार लोकांत बोलून गेला. पावसाळ्यात त्याने जुनी पेटी उघडली तर धूपदाणी आत! सणाच्या गडबडीत त्यानेच ती गुंडाळून ठेवली होती. काखेत कळसा, गावाला वळसा. त्याने ती गुपचूप जागेवर ठेवली. मेस्त्रींनी लाजेने परत आणून ठेवली असणार, असं लोक म्हणाले. तेही त्याने ऐकून घेतलं. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता, आणि या बेचैनीलाच तो भक्ती म्हणू लागला होता.

सूर्य ताडांपर्यंत उतरला. अखेर तो उठला.

मेस्त्री अंगणात फळीवर रंधा मारत होते. इग्नासने उभ्यानेच सगळं सांगितलं. रंधा थांबला नाही.

"मेस्त्री, मला क्षमा करा."

"मी चोरी केली नाही हे मला ठाऊकच होतं," मेस्त्री म्हणाले. "मला कशाला सांगतोस? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. दहा महिने माझी बायको विहिरीवर एकटी जाते. ती आली की बाकीच्या बायका घागरी उचलून निघून जातात."

इग्नास रिकाम्या हाताने परतला. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, माणसं अंगणात जमली. पळून जावं, शहर गाठावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण तो पायरीवर चढला आणि बोलला. आवाज दोनदा फुटला, तरी पावसाळ्यातल्या त्या पेटीपर्यंत सगळं बोलला.

मागून एक बाई म्हणाली, "अरे देवा! आणि मी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही." तिने पदर तोंडाला लावला.

अंधारून येता येता मेस्त्री आले. खुंटीचा क्रूस त्यांनी हंडीत ठेवला. "राग गेलेला नाही माझा," ते इग्नासला म्हणाले. "पण राख सगळ्या घरांची असते." आणि तसेच माघारी वळले.

इग्नासने काडी ओढली. वाळकी पाती भपकन पेटली. "फादर, तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"नाही रे बाबा. एक क्रूस कमी होता, तेवढंच मला दिसलं." फादरांनी काठीने राख सारखी केली. "पण आता कळतंय, तुला उपवास सोपा का वाटत होता. भूक तुझी, सोसणाराही तूच. त्यात कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. देव क्षमा करायला केव्हाचा तयार बसलाय. आपणच त्याच्याकडे जाताना मेस्त्रींचं घर टाळून लांबची वाट धरतो."

"मग ते पाण्यावर राहणं?"

"उद्या एक वेळ जेव, सगळे जेवतात तसं. आणि मेस्त्रींकडे जात राहा. त्यांचा राग जायला चाळीस दिवस पुरतीलच असं नाही."

सकाळी रांग लागली. मेस्त्रींची बायको आत आली तेव्हा बाकावरच्या बायका सरकल्या आणि तिला मध्ये जागा केली. इग्नास सर्वांच्या शेवटी फादरांपुढे वाकला. कपाळावर टेकलेली ती राख कोणत्या घरची, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. त्या रात्री तो कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला.

उपवासाला बसण्यापूर्वी आपण कोणतं घर वगळून आलो, एवढं आपणही पाहून घ्यावं.