दोन बोटं माती

दोष अण्णांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टींत म्हातारा माणूस शेवटी बरोबरच निघतो, अशी आपल्याला सवय लागली आहे.

एकदा एका शहरातल्या दाटीच्या वस्तीत नागनाथअण्णा नावाचे वृद्ध गृहस्थ राहत होते. वस्तीच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, त्यांनी बारा वाफ्यांची सामायिक भाजीबाग उभी केली होती. चाळीस घरांना तिथली मेथी, पालक, वांगी मिळत. जागा मूळची मुरमाड, पहार मारली तर ठिणगी उडावी अशी. तिथली माती निसर्गाने दिलेली नव्हती, ती केलेली होती. घराघरांतली सालं आणि देठं, रसवंतीवरची उसाची चिपाडं, कडुनिंबाचा पाला, शेण, असे थरावर थर. नऊ वर्षांत वीतभर काळी, भुसभुशीत माती तयार झाली.

हे काम करत कोण होतं? रेश्मा. चौदाव्या वर्षापासून ती अण्णांची शिष्या. सकाळी दारोदार फिरून बादल्या गोळा करायच्या, त्यांतल्या प्लास्टिकच्या पिशव्या हाताने वेचायच्या, ढीग उलटायचा. अंगाला वास यायचा. वर्गातल्या मुली तिच्या बाकावर बसत नसत. ती कधी वैतागली की अण्णा म्हणत, धीर धर, मातीला घाई चालत नाही. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की सारी वस्ती त्यांना धीराचा पुतळा मानू लागली. पुतळ्याला ढीग उलटावा लागत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग बागेला लागून असलेला पडीक तुकडा वस्तीला मिळाला. बागेच्या पाचपट. तोही मुरमाडच. त्याच सुमारास अण्णांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. वस्तीच्या मंडळाने त्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मग पाहुण्यांना नव्या बागेचं दर्शन. तारीख दीड महिन्यावर होती.

रेश्मा अण्णांना म्हणाली, दरवर्षी पाच-सहा वाफे वाढवू, तेवढीच माती आपल्याच्याने होते. सगळा तुकडा भरायला दहा वर्षं लागतील. अण्णा नुसते हसले. रविवारी त्यांनी सगळ्यांना फावडी आणि घमेली घेऊन बोलावलं आणि जुन्या वाफ्यांतली माती उपसून नव्या जमिनीवर पसरायला सांगितली.

माणसं थबकली. पिकतं शेत कोणी उपसतं का? रेश्मा पहिल्या वाफ्यापुढे आडवी उभी राहिली.

इस्त्रीवाले महादूकाका म्हणाले, "बाजूला हो गं. माती काय हुंड्यात नेणार आहेस?"

सगळे हसले. अण्णांनी हात वर केला, तेव्हा शांतता पसरली.

"रेश्मा," ते म्हणाले, "विद्या वाटली म्हणून कोणाची कमी झाली आहे का? मातीचंही तसंच. तुझं या बारा वाफ्यांवर प्रेम आहे असं तुला वाटतं. त्याला मोह म्हणतात, पोरी."

टाळ्या पडल्या. वाक्य सुंदर होतं आणि साफ खोटं होतं. विद्या वाटल्याने कमी होत नाही, माती होते. चार घमेली दिली की चार घमेली जातात. अण्णांऐवजी दुसरं कोणी बोललं असतं, तर चाळीस घरांपैकी निम्म्यांनी हे तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण पांढऱ्या केसांखालून आलेलं वाक्य आपण तपासत नाही. पहिलं घमेलं शिष्येनेच उचलावं, असं अण्णांनी सांगितलं. तिने उचललं. भर लोकांत वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पाडायचा नाही, हे तिला घरी शिकवलं होतं. तिची चूक असेल तर एवढीच.

माती सगळीकडे पसरली तेव्हा ती दोन बोटं भरली. तिच्यावर मेथी पेरली. सत्काराच्या दिवशी तुकडा हिरवागार होता. पाहुण्यांनी फोटो काढले, अण्णांच्या खांद्यावर शाल पडली, बायकांनी ओवाळलं.

आठ दिवसांत मेथी पिवळी पडली. मुळं खाली मुरमाला लागली आणि वाकडी झाली. पाणी ठरेना. श्रावणातली एक मोठी सर आली आणि मोकळी झालेली माती गटाराने वाहून नेली. जुने वाफेही त्यात गेले, कारण त्यांतही आता दोनच बोटं उरली होती. चाळीस घरांना त्या हंगामात एक जुडी मिळाली नाही.

लोक कारण शोधू लागले. पोरीने पाणी जास्त सोडलं, असं महादूकाका नळावर म्हणाले. अण्णा तिथेच, टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी रेश्मा त्यांच्या घरी गेली. तिने एकच विचारलं, हे असं होणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

अण्णांनी चष्मा काढला. "ठाऊक होतं," ते म्हणाले. "दोन बोटं मातीत मेथी उगवते, टिकत नाही. मला उगवलेली पुरे होती. तू दहा वर्षं म्हणालीस. तुझ्याकडे ती आहेत, माझ्याकडे नाहीत. पासष्टी-सत्तरीत मी थांबू शकलो, कारण तेव्हा पुढे वर्षं शिल्लक होती. तुम्ही ज्याला माझा धीर म्हणत होतात ना, ती नुसती सवड होती. सवड संपली आणि मी कोण आहे ते मला दिसलं."

आयुष्यात त्यांनी शिकवलेलं हे एकमेव खरं होतं, आणि ते त्यांनी दार लोटून सांगितलं.

"मग मंडळाच्या बैठकीत एवढंच बोला," रेश्मा म्हणाली. "नाव माझं खराब होतंय."

अण्णांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हळू आवाजात त्यांनी समजावलं, की या वयात लोकांसमोर ते जमणार नाही. ती तरुण आहे, लोक विसरतील. शिवाय पुन्हा सुरुवात करता येईल. बादल्या उद्यापासूनच गोळा कराव्यात.

रेश्माने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नऊ वर्षं ज्याला ती गुरू म्हणत होती, तो मातीला घाबरत नव्हता, माणसांना घाबरत होता. हे कळल्यावर तिला विचारण्यासारखं काही उरलं नाही. ती उठली. चपला घालताना "येते" म्हणायची रीत असते. ती "जाते" म्हणाली.

आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रोपवाटिकेत काम करते. वस्तीतल्या बादल्या घंटागाडीत रिकाम्या होतात. अण्णांची नऊ वर्षांची माती गेली, आणि ती पुन्हा करता येणारी एकुलती एक मुलगी गेली.