कस्तुरीची माळ

“...नाही, पण माझं चुकलं कुठं, मामा? पोरं येईनाशी का झाली?”

वृषाली पायरीवर उभी राहूनच विचारत होती. चप्पलसुद्धा काढली नव्हती तिनं.

नरसूमामा पटवेकरी मान खाली घालून माझी बोरमाळ न्याहाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“चप्पल काढ. बस,” एवढंच म्हणाले.

मीही तिथंच बसलेला होतो, कारण मला उठायची सोय नव्हती. मामांकडं सोन्याचे मणी दोऱ्यात गाठवायला द्यायचे तर मालकानं समोर बसायचं, हा त्यांच्या बापापासूनचा नेम. जुना दोरा कापायचा तो मालकासमोर, मणी ओवायचे तेही मालकासमोर. ‘जरा जाऊन येतो’ म्हणालात तर मामा माळ उचलून परत हातात देतात. फलटण डेपोत तीस वर्षं कंडक्टर होतो मी. लोकांना ‘बसून घ्या, बसून घ्या’ म्हणण्यात जन्म गेला. आता मला बसवणारा भेटला होता.

बोरमाळ माझ्या बायकोची. ती जाऊन तीन वर्षं झाली. कपाटात पडून दोरा कुजला, म्हणून घेऊन आलो. घालणारं आता कुणी नाही. ‘कुणासाठी गाठवताय?’ असं मामांनी विचारलं नाही, ते बरं केलं.

तर ही वृषाली. मामांच्या हाताखाली चार वर्षं शिकली. मग पुण्याला जाऊन दागिन्यांचाच कसलासा कोर्स केला, परत आली आणि आईच्या घरी माडीवर लहान मुलांचा वर्ग काढला. दर शनिवारी तीन ते पाच. काचेचे, लाकडाचे, मातीचे मणी, रंगीत दोरे, आणि पोरांनी मनाला येईल ते बनवायचं. दारावर पाटी, ‘मुलांच्या कल्पनेला वाव’. पाटी वाचून आम्ही बाजारातली रिकामटेकडी मंडळी हसलो होतो. मग एकेक करून बारा पोरं यायला लागली, तेव्हा तोंडं मिटली आमची.

हात चांगला तिचा. नजर तर त्याहून. एखादी माळ एकदा पाहिली की मण्यांचा क्रम जन्मात विसरायची नाही. आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

“मोबाईल,” ती म्हणाली. “मोबाईलनं वाट लावलीय मुलांची. त्यात शिकवण्या. आईबापांना तर काय, गणित सोडून दुसरं काही शिकवायचंच नाही.”

मामांनी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला.

“आधी मोबाईल नव्हते?”

“होते.”

“शिकवण्या?”

“...त्याही होत्या.”

“मग?”

वृषाली चप्पल काढून खाली बसली. मी छताकडं बघितलं. दुसऱ्याची फजिती होताना कुठं बघावं, मला अजून कळत नाही.

“मागच्या शनिवारी कुणीच नाही आलं,” ती जरा वेळानं म्हणाली. “मी मण्यांच्या बारा डब्या मांडून ठेवल्या होत्या. तीनपासून पाचपर्यंत बसले. खाली रस्त्यावर पोरांचा आवाज येत होता. मला वाटायचं, आता जिन्यावर पावलं वाजतील... पाच वाजता डब्या आवरल्या.”

हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला. मला फार वाईट वाटलं. मांडून ठेवलेलं आणि कुणी न येणं, हे मला घरी रोजचं आहे. अजूनही सकाळी हातून चहाचे दोन कप ओतले जातात.

“पहिलं कोण थांबलं?” मामांनी विचारलं.

“कस्तुरी. आठ वर्षांची आहे. सगळ्यांत हुशार.”

“काय झालं?”

“काही नाही झालं.”

मामा बोरमाळ हातात धरून तिच्याकडं बघत राहिले.

“प्रदर्शन होतं,” वृषाली म्हणाली. “दत्ताच्या देवळाच्या सभागृहात. प्रत्येक मुलाची एक माळ, खाली नावाची चिठ्ठी. कस्तुरीनं केलेली माळ अशी होती मामा, की एका बाजूला सगळे मणी गच्च, आणि दुसऱ्या बाजूला वीतभर नुसता दोरा. त्या दोऱ्यावर एकच मणी. तोही फुटका. आता ही माळ लोकांसमोर कशी ठेवायची? आदल्या दिवशी मी ती उसवली आणि नीट ओवली. मोठा मणी मध्ये, दोन्हीकडं उतरते मणी. मणी तिचेच. फक्त तो फुटका तेवढा काढला.”

“मग?”

“सगळ्यांनी वाखाणली. नगराध्यक्षीणबाईंनी तर हातात घेऊन पाहिली.”

“कस्तुरीनं?”

“ती चिठ्ठीवरचं नाव वाचत उभी राहिली. मग म्हणाली, ‘ही माझी नाहीये.’ तिची आई म्हणाली, ‘नाटकं करू नकोस, केवढी छान केलीयेस.’ मग नाही बोलली काही.”

“आणि वर्गात?”

“दोन शनिवार आली. मांडीवर हात ठेवून बसायची. मी म्हटलं, अगं, कर ना काहीतरी. तर म्हणाली, ‘ताई, तुम्हीच करा. नाहीतरी नंतर तुम्ही करणारच.’”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. आठ वर्षांची पोर, पण बोलली ते तिकिटाला भोक पाडल्यासारखं.

“ते बाकीच्यांनी ऐकलं,” वृषाली म्हणाली. “मग हळूहळू सगळेच डब्या पुढं सरकवायला लागले. ‘ताई, तुम्हीच करा.’”

मामांनी बोरमाळ उजेडात धरली. मध्येच एके ठिकाणी जाड काळ्या दोऱ्याची बेढब गाठ होती. माझ्या बायकोनं मारलेली. माळ एकदा ऐन लग्नघरात तुटली, तेव्हा शिवणाच्या दोऱ्यानं तिनं ती कशीबशी बांधली होती. मग ‘गाठवून आणू, आणू’ म्हणत राहूनच गेलं.

पटवेकऱ्याच्या डोळ्याला असली गाठ म्हणजे जेवताना लागलेला खडा. मामांनी पातं उचललं.

“तात्या, ही वहिनींची गाठ ना?”

“हो.”

“कापू?”

एका गाठीची ती काय कथा. ती न कापता माळ नव्यानं ओवता येणारच नव्हती, हे मलाही कळत होतं. पण माझ्या तोंडून शब्द निघेना. मामा पातं तसंच हातात धरून बसले. घाई नाही, समजावणं नाही. समोरच्या सोनाराकडं दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, इतका वेळ गेला.

“कापा,” मी म्हणालो.

त्यांनी गाठीच्या दोन्ही अंगांनी दोरा कापला आणि ती गाठ अख्खी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खिशात टाकली. वृषालीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली.

“तिला विचारलं होतंस?” मामा म्हणाले.

“काय?”

“एका बाजूला मणी का नाहीत, ते.”

“...नाही.”

“फुटका मणी का घेतला, ते?”

“मामा, आठ वर्षांच्या मुलीला काय विचारायचं? तिला वाकडं-सरळ कळत नाही अजून. ते शिकवायलाच तर मी आहे.” तिचा आवाज चढला. “आणि तुम्ही काय वेगळं केलंत? माझं किती वेळा उसवलंत! तीन-तीनदा, चार-चारदा. रडत घरी जायचे मी. तुमच्याकडूनच शिकले हे.”

बरोबर बोलली पोरगी, असं मला वाटलं. मामांचा तो धाक मी स्वतः पाहिलेला होता.

मामांनी बोरमाळेचे मणी वाटीत ठेवले.

“पातं कुणाच्या हातात असायचं?”

“कधी?”

“तुझं उसवताना. आठव.”

वृषालीनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं.

“माझ्या,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणायचात, ‘बघ, तुला कुठं खटकतंय.’ आणि पातं माझ्या हातात द्यायचात.”

“आणि नाही खटकलं तर?”

“...तर तसंच राहू द्यायचात.”

मामा दोऱ्याला मेण लावत राहिले.

मग तिनं पिशवीतून एक माळ काढली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली. प्रदर्शनातलीच. नावाची चिठ्ठीसुद्धा तशीच होती तिला. कस्तुरीनं ती घरी नेलीच नव्हती.

खरं सांगतो, सुंदर होती. निळ्या, पिवळ्या, लाकडी मण्यांची उतरती ओळ, मध्ये एक मोठा लाल. मामांनी ती बोटांवर फिरवून पाहिली.

“हात बसलाय तुझा. कुणाची म्हणालीस?”

“कस्तु...” ती थांबली. “माझी.”

“तुझी असेल तर काप.”

त्यांनी पातं तिच्यासमोर ठेवलं. तिनं कापली. मणी पितळी ताटात पडले.

“आता पोरीनं केली होती तशी ओव.”

वृषालीनं दोरा घेतला. तिच्या तोंडावर थोडा जुना तोरा आला. हा तर तिच्या हातचा मळ होता. तिनं पटापट तीन निळे ओवले, एक लाकडी, परत एक निळा. मग हात मंदावला. तिनं लाकडी मणी काढला. पिवळा घातला. तोही काढला.

ताटातले मणी ती बोटानं इकडून तिकडं सारत राहिली.

“पाच मिनिटं तरी माझ्या हातात होती ती,” ती म्हणाली. “उसवताना समोरच होती.”

मामांनी मेणाची वडी खाली ठेवली.

“मला आठवत नाहीये मामा. मला कुठलीही माळ आठवते. हीच का आठवत नाही?”

तिनं हातातला दोरा ताटात ठेवला.

“मी पाहिलीच नाही ती,” ती म्हणाली. “लोक म्हणतील, वृषालीनं हे शिकवलं का, एवढंच होतं डोक्यात. त्या पोरीनं काय केलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. आणि तो फुटका मणी तर मी केरात टाकला.”

तिला रडू आलं. चांगली चौतीस वर्षांची बाई, पण पदर नव्हता म्हणून ओढणीनं तोंड पुसत रडली. मला उठून जावंसं वाटलं, पण सोनं समोर होतं आणि नेम मामांचा.

रडणं ओसरल्यावर मामा म्हणाले, “तुझ्या हातात पातं का द्यायचो, माहितीये?”

तिनं नाही म्हणून मान हलवली.

“तुझ्या आधी एक शिकत होता माझ्याकडं.”

मी दचकलो. जनार्दन, मामांचा एकुलता एक. घर सोडून बावीस वर्षं झाली, नाशिकला कुठल्या कारखान्यात आहे म्हणतात. त्याचं नाव बाजारात कुणी मामांसमोर काढत नाही. मामी गेल्या तेव्हा आला, तेराव्याला परत गेला. बापलेकांत चार वाक्यं झाली असतील नसतील.

“त्याच्या हातात नाही दिलं मी पातं,” मामा म्हणाले. “तो दुपारी जेवायला घरी जायचा. तेवढ्यात त्याचं सगळं मी उसवायचो आणि सरळ करून ठेवायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, माझ्या पोरानं केलंय. मला वाटायचं, केवढा जीव लावतोय मी त्याला.”

“मग?”

“एकदा जेवायला गेला, तो आला नाही.”

समोरच्या सोनारानं दिवा लावला. मामांनी माझ्या बोरमाळेचा पहिला मणी ओवला, सुईवर नजर ठेवूनच.

वृषालीनं विचारलं, “तुम्ही त्यांना कधी सांगितलंत, मामा? की तुमचं चुकलं म्हणून?”

मामांनी दुसरा मणी ओवला. तिसरा ओवला. माझे कान त्यांच्याकडंच होते. बावीस वर्षं आम्ही सगळे ज्याची वाट बघत होतो, ते मामा आता बोलतील असं मला वाटलं. ते बोलले नाहीत.

वृषालीनं डोळे कोरडे केले. ताटातले मणी एकेक करून पिशवीत भरले आणि चिठ्ठी घडी करून वेगळी ठेवली. मग ती उठली.

“मी जाते तिच्याकडं,” ती म्हणाली. “सगळं खरं सांगते. ती परत येवो न येवो. मलठणातच राहते, इथून चालत दहा मिनिटं.” तिनं बाहेर उजेडाकडं पाहिलं. “आता शाळेतून दमून आली असेल. अभ्यास असेल, घरात पाहुणे असतील... उद्या सकाळी जाते, मामा.”

मामांच्या हातातली सुई थांबली.

“मीपण उद्याच म्हणालो होतो.”